डोकं चक्रावणारा कमी बजेटचा साय-फाय सिनेमा बघून झाल्यावर त्यावर नीट चर्चा कशी करायची

कमी पैशात बनवलेला, काहीतरी विचित्र घडतंय पण का ते कोणी सांगतच नाही असा साय-फाय सिनेमा संपला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. नावं यायला लागायच्या आत एक जण म्हणतो "मला कळलं, सांगू का", दुसरा म्हणतो "काहीही काय, तसं नाहीये ते", तिसरा मोबाइल काढून शेवटाचा अर्थ सांगणारा व्हिडिओ शोधायला लागतो आणि ज्यांच्या डोक्यावरून गेलाय ते मूग गिळून बसतात. दहा मिनिटांत विषय संपतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या सिनेमांची अर्धी मजा नंतर बोलण्यात असते आणि ती जराशी पद्धत ठेवली तर सगळ्यांना मिळते, ज्याला काहीच कळलं नाही त्यालाही, कधीकधी त्यालाच जास्त.

उदाहरणासाठी मी मुख्यतः एकच सिनेमा घेते, 2013 चा कोहेरन्स, जेम्स वॉर्ड बर्किटचा. आठ लोक जेवायला एका घरी जमलेत, आकाशात धूमकेतू जवळून चाललाय, लाइट जातात आणि मग पुढे एकेक भानगड सुरू होते. साधारण 50 हजार डॉलरमध्ये, पाच रात्रींत, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात शूट केलेला. मधल्यापर्यंतच्या काही गोष्टी मी खाली सांगणारे, शेवट सांगणार नाही, त्यामुळे एकदम कोरं राहून बघायचा असेल तर आधी बघून या, मग वाचा.

बघायच्या आधी

फार काही तयारी नाही. चार ते सहा लोक बेस्ट, दहा असले की दोन गट पडतात आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. सबटायटल्स लावा, भाषा कितीही चांगली येत असली तरी लावा, कारण या सिनेमांमध्ये लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य मागे कुठेतरी पुटपुटलं जातं. कथा कोणी आधी वाचून यायची नाही. आणि ज्याने आधी बघितलाय त्याच्या हातात रिमोट द्या, चर्चेत त्याचं काम एकच, कोणी म्हणालं की "तो सीन परत दाखव" तर तो काढून द्यायचा. त्याने "पुढे बघ, कळेल" हे वाक्य बोलायचं नाही, डोळे मोठे करून इतरांकडे बघायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे हो, एका माणसाच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना कुठे लक्ष द्यायचं ते कळतं आणि मग तो शोध त्यांचा राहत नाही.

पहिली पंधरा मिनिटं थिअरी बंद

या सगळ्यातली ही एकच गोष्ट केलीत तरी चालेल. सिनेमा संपल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोणीही "म्हणजे असं होतं की" अशी सुरुवात करायची नाही. आधी फक्त काय झालं ते. का झालं ते नंतर, खूप नंतर.

एक कागद घ्या, तीन रकाने करा. पहिल्यात पडद्यावर प्रत्यक्ष दिसलेलं किंवा ऐकू आलेलं. दुसऱ्यात एखादं पात्र जे म्हणालं ते. तिसऱ्यात आपण जे जोडलं ते. वरवर शाळेतल्यासारखं वाटेल पण करून बघा, पाच मिनिटांत खोलीतला आवाज बदलतो, कारण लोकांच्या लक्षात येतं की जे आपण "सिनेमात दाखवलंय" म्हणून छातीठोकपणे सांगत होतो ते सिनेमात दाखवलेलंच नाहीये, ते एका घाबरलेल्या पात्राने म्हटलंय किंवा आपण आपल्या मनाने भरलंय.

कोहेरन्समधला बॉक्सचा सीन घ्या. लाइट गेल्यावर लांबच्या एका घरात उजेड दिसतो, दोघं जण ह्यू आणि अमीर तिकडे बघून येतात, ह्यूच्या कपाळाला जखम झालेली असते आणि सोबत एक बॉक्स आणलेला असतो. उघडल्यावर आत टेबल टेनिसची बॅट आणि तिथे बसलेल्या लोकांचेच फोटो, प्रत्येकाच्या मागे एक आकडा. आता पहिल्या रकान्यात काय येणार? दोघं बाहेर गेले, दोघं परत आले, जखम, बॉक्स, बॅट, फोटो, आकडे. बस. "कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय" हे दुसऱ्या रकान्यात, ते त्या लोकांचं म्हणणं आहे. आणि "तेच दोघं परत आले" हे कुठे लिहाल? बहुतेक सगळे पहिल्या रकान्यात लिहितात, अगदी सहज, हात न थांबवता. पण आपण काय बघितलं, तर दोन माणसं दारातून आत आली एवढंच. ती तीच होती हे आपण जोडलंय. एवढं एक वाक्य पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात सरकवलं ना की अख्खा सिनेमा हलतो, आणि ते कोणी सांगून नाही तर स्वतःच्या हाताने सरकवल्यामुळे हलतो.

म्हणून सांगते, थिअरीवाल्याला थोडं थांबवा. त्याचं बरोबर असेलही, पण त्याने सुरुवातीलाच उत्तर सांगितलं की बाकीचे त्या उत्तराला साजेसे पुरावे आठवायला लागतात आणि न जुळणारे विसरतात, ते काही मुद्दाम करत नाहीत, आठवण तशीच काम करते.

नियम कोणता ते ठरवा

घटनांची यादी झाली की पुढचा प्रश्न: या जगाचा नियम काय आहे? चांगल्या कमी बजेटच्या साय-फायमध्ये नियम एक किंवा फार तर दोन असतात, कारण पैसे नसले की जग मोठं करता येत नाही, मग एकच नियम घेऊन तो शेवटपर्यंत पिळायचा. नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे, नाही आला तर अजून सापडलेला नाही असं समजा आणि परत यादीकडे जा.

जपानी सिनेमा आहे, बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स, जुन्ता यामागुचीचा, 2020 चा, जेमतेम 70 मिनिटांचा. नियम काय तर एका कॅफेतला स्क्रीन आणि वरच्या खोलीतला स्क्रीन यांच्यात दोन मिनिटांचा फरक आहे, एकावर भविष्य दिसतं दुसऱ्यावर भूतकाळ. एवढंच. त्यातून त्यांनी काय काय काढलंय ते बघण्यासारखं आहे.

प्रायमर अवघड आहे, 2004 चा, शेन कारूथने लिहिला, दिग्दर्शित केला, एडिट केला, संगीत दिलं आणि मुख्य कामही केलं, सगळं मिळून 7 हजार डॉलरमध्ये, आणि त्याच वर्षी सनडान्स या चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं. लोक या सिनेमाला घाबरतात पण नियम खरं तर सोपा आहे, कागदावर काढला तर. काळात मागे नेणारं एक मशीन आहे, ते सकाळी 9 ला सुरू करून ठेवायचं. दुपारी 3 ला आत शिरायचं. आत सहा तास बसून राहायचं, खरोखर सहा तास, झटक्यात काही होत नाही. बाहेर निघाल तेव्हा सकाळचे 9 वाजलेले असतात. म्हणजे 9 ते 3 या वेळात जगात तुम्ही दोन आहात, एक जो दिवस पहिल्यांदा जगतोय आणि 3 वाजता मशीनमध्ये जाणारे, आणि दुसरा जो मशीनमधून आलाय आणि ज्याला दिवसभरात काय होणार ते माहितीये. 3 नंतर परत एकच. आडवी रेघ मारा, तिच्यावर 9 आणि 3 लिहा, एक बाण उजवीकडे, मग एक बाण मागे डावीकडे, मग परत उजवीकडे. हे चित्र एकदा सगळ्यांनी आपापल्या हाताने काढलं की सिनेमाचा पहिला भाग आरामात बोलता येतो. मशीन सुरू होण्याआधीच्या वेळेत जाता येत नाही हेही चित्रातून आपोआप दिसतं, आणि पुढे सिनेमा जी गुंतागुंत करतो ती बरीचशी याच मर्यादेतून येते.

कोहेरन्समध्ये नियम दोन वस्तूंमधून कळतो. एक म्हणजे घरांच्या मधला तो मिट्ट अंधाराचा पट्टा आणि दुसरी अंधारात चमकणाऱ्या कांड्या. आपल्यातले चौघं निळ्या कांड्या घेऊन बाहेर पडतात आणि समोरून लाल कांड्या घेऊन कोण येतं, तर तेच चौघं. इथे थांबून गटाला विचारा, आत्तापर्यंतच्या माहितीवर नियम काय लिहाल? बहुतेक जण म्हणतील दोन घरं आहेत. लिहून ठेवा. नंतर हा नियम पुरतो का बघा, आणि ज्या क्षणी तो पुरेनासा होतो तो क्षण शोधा, कारण बर्किटने प्रेक्षकाला अगदी त्याच जागी पाडायचं ठरवलेलं आहे.

नियम कागदावर आला की एक मोठा फायदा होतो, चूक आणि गूढ यातला फरक करता येतो. सिनेमा स्वतःच्याच नियमाविरुद्ध गेला तर ती चूक, प्लॉट होल म्हणा. नियमात बसतंय पण कारण सांगितलेलं नाही, ते गूढ. लोक या दोन्हींना एकच समजून भांडतात. "धूमकेतूमुळे असं का झालं ते सांगितलंच नाही" ही तक्रार प्लॉट होलची नाहीये. निळी कांडी घेऊन गेलेला माणूस काही कारण नसताना लाल घेऊन आला असता आणि सिनेमाला त्याचा पत्ताच नसता, तर ती चूक झाली असती.

पैसे कुठे खर्च झाले ते बघा

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि लोक याच्यावर सगळ्यात कमी बोलतात. सिनेमा कसा बनवला हे माहीत असलं तर कशाला किती वजन द्यायचं ते कळतं.

कोहेरन्सच्या नटांना पूर्ण स्क्रिप्ट दिलेलंच नव्हतं. रोज प्रत्येकाला फक्त त्याच्या पात्रापुरत्या नोट्स मिळायच्या, तू आज अमुक गोष्ट सांगायची, तू तमुक करायचा प्रयत्न करायचा, आणि दुसऱ्याच्या कागदावर काय आहे ते कोणालाच माहीत नाही. अमीरचं काम करणारा ॲलेक्स मॅन्युजियन कथेत बर्किटचा भागीदार होता, त्याला आतलं माहीत होतं, बाकीच्यांना नाही. आता याचा चर्चेवर थेट परिणाम होतो बघा. संवाद बरेचसे तिथल्या तिथे सुचलेले आहेत, त्यामुळे कोणी बोलताना अडखळलं, चुकीचं नाव घेतलं, वाक्य अर्धवट सोडलं, तर त्यातून सुतावरून स्वर्ग गाठायला जाऊ नका, तो नट खरंच गोंधळलेला असू शकतो. पण वस्तू? फोनची काच कधी तडकते, कपाळावरची पट्टी कशी आहे, कांडीचा रंग कोणता, बॉक्समध्ये काय आहे, हे कोणीतरी आधी ठरवून तिथे ठेवल्याशिवाय होत नाही. म्हणून या सिनेमात बोलण्यापेक्षा वस्तूंवर विश्वास ठेवा. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला गाडीत असताना एमच्या, म्हणजे मुख्य पात्र असलेल्या मुलीच्या, फोनची काच तडकते, सहज होऊन जातं ते, पण पाच रात्रींत सिनेमा उरकायचा असताना कोणी उगाच तडकलेल्या फोनवर वेळ घालवत नाही.

प्रायमरमध्ये बरोबर उलटं. तिथे वाक्यं लिहिलेली आहेत, घट्ट, इंजिनिअर लोक आपापसात बोलतात तशी, प्रेक्षकाला समजावून सांगायची तसदी न घेता, आणि सुपर 16 फिल्मवर शूट केलंय म्हणजे प्रत्येक टेकला पैसे लागतात. तिथे एखादं वाक्य दोनदा ऐकू आलं तर कान टवकारा.

म्हणजे बजेट हा विषय "एवढ्या कमी पैशात बनवला, कमाल आहे" असं म्हणून सोडून द्यायचा नाही. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची: इथे पैसे असते तर यांनी काय दाखवलं असतं, आणि न दाखवल्यामुळे काय झालं? कोहेरन्समध्ये धूमकेतू जेमतेम दिसतो. भरपूर पैसे असते तर कदाचित आकाश फाटलं असतं, घरं एकमेकांत विरघळली असती. मग ते जेवणाचं टेबल इतकं भीतीदायक वाटलं असतं का? मला नाही वाटत. एक आणखी लक्षात ठेवा, कॅमेरा हलतो, फोकस जातो, यातलं बरंचसं नाइलाजाने झालेलं असू शकतं, त्याच्यामागे प्रत्येक वेळी अर्थ शोधत साप साप म्हणून भुई धोपटायची गरज नाही.

विज्ञान किती आणायचं

थोडं आणा, नक्की आणा, पण खोलीतल्या विज्ञानवाल्याला माइक कायमचा देऊ नका. कोहेरन्समध्ये एकाचा भाऊ भौतिकशास्त्रातला असतो, त्याचं पुस्तक बाहेर गाडीतून आणून वाचलं जातं आणि श्रोडिंगरच्या मांजराचा विषय निघतो. हे कोणत्या रकान्यात? दुसऱ्या. घाबरलेल्या, त्या विषयातल्या नसलेल्या माणसांनी मेणबत्तीच्या उजेडात काढलेला अर्थ आहे तो. सिनेमा आपल्याला ही गोष्ट खरी आहे असं सांगत नाहीये, या लोकांना धरायला एवढाच आधार आहे हे सांगतोय.

खरं विज्ञान काय तर श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने 1935 मध्ये मांजराचं उदाहरण दिलं ते मुळात अडचण दाखवायला. अणूच्या पातळीवर एक गोष्ट एकाच वेळी दोन अवस्थांत असते असं गणित म्हणतं, तेच मोठ्या वस्तूला लावलं तर मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मानावं लागेल, आणि हे विचित्र आहे, असा त्याचा मुद्दा होता. ह्यू एव्हरेट या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1957 मध्ये वेगळी वाट काढली, दोन्ही शक्यता खऱ्याच आहेत, आपापल्या शाखेत. पुढे 1970 पासून डीकोहेरन्सवर काम झालं, त्यातून हे कळतं की मोठ्या वस्तूला सभोवतालची हवा, प्रकाश सतत धडकत असतात आणि त्यामुळे त्या दोन अवस्थांचा एकमेकांशी संबंध सेकंदाच्या अतिशय सूक्ष्म भागात तुटतो. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या आठ माणसांचं असं काही होऊ शकत नाही आणि धूमकेतू जवळून गेल्याने तर नाहीच.

मग सिनेमा चुकीचा ठरतो का? अजिबात नाही. विज्ञानातून त्याने एक कल्पना उचलली, आणि पुढे तिचा नियम बनवून प्रामाणिकपणे पाळला, आपल्याला तेवढंच तपासायचंय. विज्ञानाला दहा मिनिटं द्या, खरं काय आणि सिनेमाने ताणलं काय एवढं वेगळं करा आणि पुढे चला. धूमकेतूच का घेतला असेल यावर मात्र बोला, त्यात मजा आहे. 1910 मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्याच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचं कळलं होतं आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार म्हटल्यावर लोक इतके घाबरले की धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या. झालं काहीच नाही, शेपटी फारच विरळ असते. पण आकाशात काहीतरी नेहमीचं नाही म्हटल्यावर शहाणी माणसं काय करतात हे त्यातून दिसतं, आणि सिनेमात तेच तर चाललंय.

जे सांगितलेलंच नाही त्याचं काय करायचं

इथे बहुतेक चर्चा अडकतात. "पण नक्की काय होतं ते?" हा प्रश्न फिरून फिरून येतो.

खऱ्या आयुष्यातलं न उलगडलेलं आणि सिनेमातलं न उलगडलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 30 जून 1908 ला सायबेरियात तुंगुस्का नदीजवळ प्रचंड स्फोट झाला, साधारण 2 हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं, आणि शास्त्रज्ञांची पहिली तुकडी लिओनिद कुलिकच्या नेतृत्वाखाली तिथे पोचायला 1927 उजाडलं. त्यांनी मोठा खड्डा शोधला, सापडला नाही. खूप तर्क लढवले गेले, पण हळूहळू पुरावे जमत गेले आणि आज शास्त्रज्ञ मानतात की अशनी किंवा धूमकेतूचा तुकडा जमिनीवर आदळायच्या आधी हवेतच फुटला. म्हणजे खऱ्या गूढात उद्या नवीन पुरावा मिळू शकतो. कोहेरन्समध्येही तुंगुस्काचा उल्लेख येतो, तो काढून त्यावर बोला.

सिनेमातल्या गूढात नवीन पुरावा मिळणार नाही. जे शूट झालं नाही ते नाहीच, अंधाराच्या पट्ट्यापलीकडे कॅमेऱ्याला काही दिसत नाही म्हणजे तिथे काहीतरी लपवून ठेवलंय आणि आपण हुशार असलो तर सापडेल असं नाही. त्यामुळे "तिथे काय होतं" याच्याऐवजी "आम्हाला ते का दाखवलं नाही" असं विचारा. हा प्रश्न बदलला की चर्चा एकदम मोकळी होते, कारण पहिल्याचं उत्तर कोणाकडेच नाही आणि दुसऱ्याचं प्रत्येकाकडे थोडं थोडं आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण द व्हास्ट ऑफ नाइटमध्ये आहे, अँड्र्यू पॅटरसनचा 2019 चा सिनेमा, 7 लाख डॉलरचा, 1950 च्या दशकातलं न्यू मेक्सिकोमधलं काल्पनिक गाव, टेलिफोन एक्स्चेंजवर काम करणारी मुलगी फे आणि रेडिओवरचा मुलगा एव्हरेट, आणि लाइनवर ऐकू येणारा एक विचित्र आवाज. एक माणूस रेडिओवर फोन करून त्याच्या सैन्यातल्या दिवसांची हकीकत सांगतो आणि त्यात काही वेळ पडदा पूर्ण काळा होतो. काहीच नाही, फक्त आवाज. हा सीन परत लावा आणि विचारा, पडदा काळा असताना तुम्हाला काय दिसत होतं? पाच जणांकडून पाच वेगळी चित्रं येतील, आणि ती सगळी खरी आहेत. यापेक्षा चांगली चर्चा मला माहीत नाही.

माणसांवर या

नियम, बजेट, विज्ञान सगळं झालं की या विचित्र घटनेने पात्रांचं काय केलं ते बोला, आणि याला वेळ ठेवा, नाहीतर सगळा वेळ कोडं सोडवण्यात जातो. कोहेरन्समध्ये धूमकेतू यायच्या आधीच त्या टेबलावर बऱ्याच गोष्टी खदखदत असतात. एमचा बॉयफ्रेंड केव्हिन, त्याची जुनी मैत्रीण लॉरी तिथे आलेली असते, एमने नाचाची एक मोठी संधी हातची घालवलेली असते आणि ते तिला आजही सलतं. मग लाइट जातात आणि कळतं की आपल्यासारखीच माणसं पलीकडे आहेत, ज्यांनी कदाचित वेगळं काही निवडलं असेल. लोक घाबरून पलीकडच्यांना वाईट ठरवतात, ती आपल्यावर हल्ला करतील म्हणून आपणच आधी काहीतरी करूया म्हणतात. पलीकडचे म्हणजे कोण, तर तेच.

इथे गप्प बसलेल्यांना बोलतं करा. ज्याला टाइमलाइन कळली नाही त्याला माणसं बरोबर कळलेली असतात, आणि बऱ्याचदा तो असं काही बोलतो की थिअरीवाला थांबतो. त्याला "तुला काय वाटतं" असं मोघम विचारू नका, दडपण येतं. नेमकं विचारा: या आठ जणांपैकी कोणावर तुझा विश्वास कधी उडाला? तू असतास तर त्या बॉक्सला हात लावला असतास का? दारावरची चिठ्ठी वाचून बाहेर गेला असतास की दार लावून घेतलं असतंस? ही उत्तरं चुकीची असूच शकत नाहीत आणि त्यामुळे लोक बोलतात.

आणि वाद चिघळला, दोघं आपलंच घोडं पुढे दामटायला लागले, तर मत देत बसू नका, सीन लावा. आवाज वाढण्याआधी रिमोट. सीन बघूनही दोघं आपापल्या जागी ठाम असतील तर दोन्ही थिअरी कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर एक प्रश्न: तुझी थिअरी खरी असेल तर सिनेमात कोणती गोष्ट दिसायला नको? ती दिसली का? ज्याला हे सांगताच येत नाही, ज्याच्या थिअरीत काहीही बसतं, त्याची थिअरी कच्ची आहे. "सगळं स्वप्न होतं" आणि "ती वेडी झाली होती" या दोन थिअरी इथेच गळतात, त्या कोणत्याही सिनेमाला लावता येतात.

दुसऱ्यांदा बघताना

लगेच त्याच रात्री नको, दोनचार दिवस जाऊ द्या. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येकाने एकच गोष्ट धरायची. एक जण फक्त कांड्यांचे रंग बघेल, एक फक्त फोन, एक ह्यूच्या कपाळावरची पट्टी, एक जण घरात आत्ता कोण आहे आणि बाहेर कोण हे मोजत बसेल, आणि एक जण फक्त एमचा चेहरा बघेल. कथेकडे कोणी लक्ष देऊ नका, ती माहितीच आहे. जे दिसलं ते वेळेसकट टिपून ठेवा, अमुक मिनिटाला अमुक. नंतर सगळ्यांच्या नोंदी एका खाली एक मिनिटांप्रमाणे लावल्या की सिनेमाची आतली बांधणी दिसायला लागते, एकट्याने दहा वेळा बघून दिसणार नाही अशी.

मग पहिल्या दिवशीचा तीन रकान्यांचा कागद काढा आणि पहिल्या रकान्यातलं किती आता तिसऱ्यात हलवावं लागतंय ते बघा. आणि प्रत्येकाने न बोलता एका चिठ्ठीवर एक आकडा लिहा: कोणत्या मिनिटाला तुमची खात्री गेली की या खोलीत बसलेली माणसं सुरुवातीचीच आहेत? चिठ्ठ्या एकदम उघडा. आकडे जुळत नाहीत, आणि ज्याचा सगळ्यात लवकरचा आहे त्याच्यापासून बोलायला सुरुवात करा, त्याला काहीतरी दिसलंय जे बाकीच्यांना दिसलं नाही, तो सीन लावायला सांगा.